शिमोनोसेकी: फुगू महाग, इतिहास फुकट

आईला जपान दाखवायचं म्हणून शिमोनोसेकीला गेलो. १८९५ साली चीन-जपान युद्धाचा तह जिथे झाला ते शुनपानरो नावाचं रेस्टॉरंट आजही चालू आहे. खासियत फुगू, म्हणजे तो विषारी मासा. जपानचे पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमींना तो इतका आवडला की १८८८ मध्ये इथल्या यामागुची प्रांतात त्याच्यावरची बंदी उठली आणि पहिला परवाना शुनपानरोलाच मिळाला. आई माळकरी, त्यामुळे आम्ही बाहेरूनच नमस्कार केला. तसंही जुनी वास्तू दुसऱ्या महायुद्धात गेली, आताची नंतरची.

खरी मजा शेजारच्या स्मारक संग्रहालयात. १९३७ चं छोटंसं घर, प्रवेश फुकट. काचेपलीकडे तहाची खोली जशीच्या तशी मांडलीय, टेबलखुर्च्या त्या वेळच्याच. चीनचे प्रतिनिधी ली होंगझांग ज्या खुर्चीत बसले, ती बघून आई म्हणाली, "एवढ्याशा खोलीत अख्खं तैवान देऊन टाकलं?" नुसतं तैवान नाही गं, वर २० कोटी तैल (चीनचं जुनं वजनमाप) चांदीही. वाटाघाटी चालू असतानाच लींना एका जपानी माणसाने गोळी घातली, गालावर. जपानची जगभर नाचक्की झाली, मग कुठे युद्धविराम मिळाला. नंतर ते रस्ता सोडून डोंगरकडेच्या पायवाटेने ये-जा करत. त्या वाटेला आजही त्यांचंच नाव आहे. तीही जरूर चाला, पाच मिनिटांचं काम.

अर्धा तास पुरतो. समोर कानमोनची सामुद्रधुनी, जहाजं अगदी जवळून जातात. आईला सगळ्यात जास्त तीच आवडली.