जपानची म्हणून घेतलेली पिवळी गाडी

खानापूरजवळ आमची रोपांची नर्सरी आहे. आंबा-काजूची रोपं बेळगावला पोचवायला लहान गाडी हवी होती. मार्चमध्ये उद्यमबागेकडच्या एका शेडात पिवळी, दोन दारांची, मागं हौदा असलेली गाडी दिसली. विकणारा म्हणाला, "दादा, सुझुकीची मायटी बॉय आहे. थेट जपानची. अख्ख्या कर्नाटकात दुसरी मिळायची नाही."

मायटी बॉय ही गाडी खरोखरच आहे, म्हणून तर मी फसलो. सर्वो नावाच्या छोट्या कारवरून सुझुकीनं ती १९८३ ते १९८८ या काळात काढली. तिचे फोटो मोबाईलवर बघितले, तोंडवळा जुळला असं वाटलं. आरसी मागितली तर "आरटीओत आहे, पंधरा दिवसांत देतो." आण्णा म्हणाले होते, "पोरा, आधी कागद, पैसे मागनं." मी त्यांचं ऐकलं नाही. १ लाख ८५ हजार रोख मोजले.

जूनमध्ये खतमातीची सहा पोती हौद्यात टाकली आणि ड्रायव्हरचं दार लागेना. पोती उतरवली की दार लागायचं, भरली की पुन्हा अडायचं. त्यात पाऊस सुरू झाल्यावर सीटमागनं पाणी यायला लागलं. ओळखीच्या मिस्त्रीनं दारामागच्या पत्र्याला लोहचुंबक लावलं, ते चिकटलंच नाही. स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं तशी बोटभर जाडीची पुट्टी निघाली आणि आत मागच्या दाराच्या बिजागरीची भोकं दिसली, वेल्डिंग करून बुजवलेली. मायटी बॉयला मागची दारं नसतातच. चेसिस नंबरवरची घाण घासून काढली, तर सुरुवातीला एमए३. हा मारुतीचा कोड. मायटी बॉयचं इंजिन ५४३ सीसीचं, आमच्यात ७९६ सीसीचं निघालं. पाच दारांची मारुती ८०० मधोमध कापून, छत काढून हौदा केला होता.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते. छत, खांब, फरशी मिळूनच वजन पेलतात. छत कापलं की वजनाखाली मधला भाग वाकतो, म्हणून दार अडत होतं. याच गाडीतून मी बायको-पोराला चोर्ला घाटातून गोव्याला नेऊन आणलंय. आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

आरटीओत कळलं की असा बदल पासच होत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ आडवं येतं. पोलिसांत तक्रार दिलीय. शेडला कुलूप आहे, फोन बंद.

शेडात त्या दिवशी तसलीच अजून एक गाडी अर्धी कापलेली उभी होती, निळी. निपाणी, गडहिंग्लज, चंदगडकडं कुणाला ती दाखवली तर रुपयाही देऊ नका. आधी दारामागच्या खांबाला लोहचुंबक लावून बघा, चेसिस नंबर स्वतः वाचा, आणि बाहेरची गाडी म्हणत असेल तर कस्टमचे कागद मागा.