पुठ्ठ्याचा ग्रहणचष्मा: ग्रहण बघा आणि गप्पाही मारा

सूर्यग्रहण बघायला काय घेऊ, असं कोणी विचारलं की मी एकच सांगते: पुठ्ठ्याच्या फ्रेमचे साधे ग्रहणचष्मे घ्या. पाचाचं पाकीट मिळतं, एक चष्मा दोन-तीन डॉलरला पडतो. महागडा फिल्टर, ट्रायपॉड, कॅमेऱ्याची मोठी लेन्स यांतलं काही नसलं तरी चालतं. ८ एप्रिल २०२४ च्या खग्रास ग्रहणाला आम्ही हॉस्टेलच्या मैत्रिणी आपापल्या घरच्यांना घेऊन अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टनजवळच्या मन्रो तळ्याकाठी जमलो होतो. तिथे हे चष्मे सगळ्यांनी वापरले. त्या अनुभवावरून लिहितेय.

आधी खरेदीचं. पाकिटावर ‘आयएसओ १२३१२-२’ (ग्रहणचष्म्यांचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक) छापलंय एवढ्यावर विसंबू नका, छापायला काय, कोणीही छापतं. अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी खात्रीच्या उत्पादकांची आणि विक्रेत्यांची यादी देते, त्या यादीतल्याकडूनच घ्या. ‘नासा-मान्य’ असं लिहिलेलं दिसलं तर सरळ पुढे जा, कारण नासा कुठल्याच चष्म्याला मान्यता देत नाही. घरी आल्यावर चष्मा लावून खोलीभर बघा. भिंत, खिडकी, टीव्ही, काही म्हणजे काही दिसता कामा नये. फार तर झगझगीत एलईडी दिवा अगदी मंद दिसेल. या काळ्या पडद्यातून सूर्यप्रकाशाचा लाखातला जास्तीत जास्त तीनेक भाग आत येतो. पडद्याला ओरखडा, घडी किंवा टाचणीएवढं भोक असेल तर तो चष्मा कात्रीने कापून टाका. आणि आपल्याकडे लहानपणी एक्स-रेची फिल्म डोळ्यांसमोर धरून ग्रहण बघायचे, ते कृपा करून कोणी करू नका. दुर्बिणीला डोळा लावतानाही हा चष्मा कामाचा नाही. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावरच वेगळा फिल्टर लागतो.

आता उणीव. मला प्रोग्रेसिव्ह नंबरचा चष्मा आहे. त्यावर पुठ्ठ्याच्या काड्या टिकतच नाहीत, मान वर केली की घसरतात. हाताने धरून ठेवावा लागतो. लहान मुलांचं तर आणखी अवघड, कारण त्यांच्या नाकावर तो बसतच नाही आणि कडेने ऊन थेट आत येतं. सेंट लुईसच्या मैत्रिणीने यावर छान तोड काढली होती. कागदी प्लेटला डोळ्यांच्या जागी खाच कापून तिने चष्मा आतून चिकटपट्टीने बसवला आणि मागून शिवणकामातलं इलॅस्टिक ओवलं. तिच्या मुलाचं सगळं तोंड त्या प्लेटमागे. त्याने प्लेटवर मिशा काढल्या होत्या, आणि तो दर दोन मिनिटांनी ओरडायचा, “मावशी, अजून खाल्ला!” पोरं बरोबर असतील तर हे घरूनच करून न्या.

सूर्यबिंब यातून नारिंगी दिसतं, कड अगदी स्वच्छ. (चंदेरी पडद्याचे चष्मेही असतात, त्यांतून ते निळसर पांढरं दिसतं. मला नारिंगीच आवडलं.) चंद्राने पहिला घास घेतल्यापासून खग्रास व्हायला साधारण सव्वा तास लागतो. एवढा वेळ कोणी सलग वर बघत नाही, बघायची गरजही नाही. चष्मा लावायचा, कुठवर आलंय ते बघायचं, खाली ठेवायचा आणि मागची गोष्ट पुढे चालू करायची. याच कारणासाठी मी या चष्म्याची एवढी बाजू घेतेय. कॅमेरा घेऊन बसलेला माणूस कॅमेऱ्याचाच होऊन जातो. आम्हाला सव्वा तास एकमेकींना देता आला. एकीच्या आईचं कोल्हापुरात गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती आता जिना चढते. एकीची नोकरी जानेवारीत गेली, हे तिने ग्रुपवर कधी लिहिलंच नव्हतं. सूर्य अर्धा झाला होता तेव्हा तिने ते सांगितलं. मग कोणाच्या कंपनीत जागा आहे, कोण रेझ्युमे पुढे पाठवणार, यावर बोलताना दहा मिनिटं वर बघायचं राहूनच गेलं. काही बिघडलं नाही.

मधल्या वेळासाठी एक स्टीलची चाळणही न्या. ती उन्हात धरली की खालच्या पांढऱ्या कागदावर प्रत्येक भोकातून सूर्याची एकेक कोर उमटते, शंभरेक कोरी एकाच दिशेला वळलेल्या. सूर्य बारीक होत जातो तशा त्याही बारीक होतात. पोरांना चष्म्यापेक्षा हेच जास्त आवडलं.

सगळ्यात महत्त्वाचं: खग्रास झाल्यावर चष्मा काढायचाच. चष्म्यातून पूर्ण काळोख दिसला की तो काढा. नाहीतर ज्यासाठी इतक्या लांब गेलात तेच दिसणार नाही. आम्हाला तिथे चार मिनिटांच्या आसपास मिळाली. काळं बिंब, भोवती पांढरा करोना (सूर्याचं बाहेरचं वातावरण), खालच्या कडेला साध्या डोळ्यांनी दिसणारा गुलाबी ठिपका म्हणजे सूर्याच्या कडेवर उसळलेला तप्त वायू, उजवीकडे खाली शुक्र, डावीकडे वर गुरू. हवेत गारवा आला. प्रकाशाचा पहिला थेंब परत आला की लगेच चष्मा डोळ्यांवर.

तेव्हा सांगलीत रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते आणि उजाडल्यावर पाडवा. आई गुढीचं सामान काढून जागीच होती. फोन लावला तर म्हणाली, “आमच्या लहानपणी ‘दे दान सुटे गिराण’ ओरडत माणसं दारावर यायची. तुम्ही काय केलंत?” मी म्हटलं, आम्ही नुसतं बघितलं गं.

आता आमचं २ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणासाठी इजिप्तमधल्या लक्सॉरला जायचं चाललंय. तिथे खग्रास सहा मिनिटांहून जास्त आहे. महाराष्ट्रातून तेच ग्रहण दुपारनंतर खंडग्रास असेल, पण ऑगस्टातल्या ढगांचा भरवसा नाही. नोकरी गेलेल्या मैत्रिणीला नवी मिळालीय, तिनेच पहिल्यांदा “मी येतेय” लिहिलं. जुने चष्मे मी पाकिटात सपाट ठेवलेत. निघण्याआधी पुन्हा दिव्यासमोर धरून तपासणार, ओरखडा दिसला तर नवे मागवणार. ग्रहण तोंडावर आलं की किमती चढतात आणि बनावट मालही वाढतो, म्हणून तुम्हीही महिना-दोन महिने आधीच घेऊन ठेवा. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो काड्यांसाठी.