आधी कल्चर, मग इंजेक्शन: बाबांच्या आयसीयूचा अनुभव

माझ्या सासऱ्यांना दुसऱ्या हॉस्पिटलातून इथल्या आयसीयूत हलवलं तेव्हा ते व्हेंटिलेटरवर होते. मेंदूचं ऑपरेशन नीट झालं होतं, पण ताप हटत नव्हता. तिथे मेरोपेनेम चालू होतं, वर आणखी दोन अँटिबायोटिक्स. कल्चर, म्हणजे कुठला जंतू आहे आणि त्यावर कुठलं औषध चालेल हे बघणारी तपासणी, मात्र कुणीच पाठवली नव्हती.

इथे पहिल्याच रात्री रक्त आणि श्वासनळीतला स्राव कल्चरला गेला, जुनी सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) बदलली. रिपोर्टात क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला आणि मेरोपेनेमसकट जवळपास सगळ्या औषधांपुढे ‘रेझिस्टंट’, म्हणजे त्यांना दाद न देणारा. या जंतूकडे एनडीएम हे एन्झाइम होतं. २००८ साली भारतातून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ते पहिल्यांदा सापडलं होतं. मेरोपेनेमसारखी औषधं ते फोडून टाकतं.

अशा जंतूवर दिलं जाणारं कोलिस्टिन किडनीला त्रास देतं आणि बाबांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आधीच वाढलेलं. संसर्गतज्ज्ञ मॅडमनी मला कागदावर आकृती काढून दाखवली: अ‍ॅझट्रिओनाम हे अँटिबायोटिक एनडीएमला फुटत नाही, पण जंतूची दुसरी एन्झाइम्स ते फोडतात. त्यांना अ‍ॅव्हिबॅक्टम अडवतं. म्हणून सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम एकत्र. सिस्टर दोन पंप शेजारी लावून दोन्ही एकदमच सुरू करायच्या. एक औषध यायला उशीर झाला, तर दुसरंही तेवढा वेळ थांबायचं. क्रिएटिनिन बघून डोस ठरायचा. आधीची तिन्ही औषधं बंद केली, आणि मला सगळ्यांत जास्त पटलं ते हेच. रोज नवं काहीतरी वाढवत राहणं सोपं असतं.

जंतू इतरांकडे जाऊ नये म्हणून बाबांचा स्टेथोस्कोप वेगळा, गाऊन वेगळा. एकदा एक मोठे सर्जन घाईत थेट कॉटपाशी आले, तर अगदी नवी दिसणारी सिस्टर म्हणाली, "सर, आधी हँडरब." ते थांबले, हात चोळले, मगच पुढे गेले. त्या मुलीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो खर्चासाठी. इतकं महाग इंजेक्शन किती दिवस लागेल याचा अंदाज सुरुवातीलाच द्यायला हवा होता, आम्हाला तो बिल वाढल्यावर कळला. कल्चर रिपोर्टची प्रतही मागितल्याशिवाय मिळत नाही. मागाच.

बाबा आता घरी आहेत, आधाराने चालतात. हा जंतू आतड्यात महिनोन्‌महिने राहू शकतो, म्हणून डिस्चार्जच्या फाइलवर तशी ठळक नोंद करून दिली आहे. कुठेही ॲडमिट करायची वेळ आली, तर ती आधी दाखवायला सांगितलंय.