फक्त डावा हात चालतो, मग कॅमेरा कोणता? सोनी, कॅनन की पॉकेट

बाइक अपघातात खांद्याच्या नसा गेल्या तेव्हापासून माझा उजवा हात नुसता लोंबतो, त्यामुळे "सुरुवातीला कुठलाही घ्या हो, सगळे सारखेच" हे ऐकलं की डोकं फिरतं. ग्रिप उजवीकडे, शटर म्हणजे फोटो काढायचं बटण उजवीकडे, ऑन-ऑफ उजवीकडे, डायलसुद्धा उजवीकडे. 1936 ला ड्रेस्डेनमध्ये निघालेल्या काइने एक्झॅक्टा या कॅमेऱ्याचं शटर डावीकडे होतं, पण तो आता म्युझियमवाल्यांसाठी. आपल्याला बाजारात आहे त्यातूनच जमवायचंय. मेगापिक्सेल नंतर बघू, आधी कुठलं बटण कुठल्या बाजूला आहे ते बघा.

माझं मत सोनी झेडव्ही-ई10 ला. बॉडी बॅटरी-कार्डासकट 343 ग्रॅम, किटमधली, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणारी, 16-50 लेन्स 116. पण खरी गंमत सोनीच्या ब्लूटूथ ग्रिपमध्ये आहे (जीपी-व्हीपीटी2बीटी, वेगळी विकत घ्यावी लागते). छोट्या ट्रायपॉडसारखी दांडी असते ती, कॅमेरा वर बसतो आणि फोटो, व्हिडिओ, झूम अशी सगळी बटणं दांडीवर, अंगठ्याखाली. ही 16-50 पॉवर झूम आहे म्हणजे रिंग फिरवायची गरजच नाही, कॅमेरा ऑन केला की लेन्स आपली आपण बाहेर येते. दोन हात असलेल्याला यात काय विशेष असं वाटेल, मला पहिल्यांदा दांडी डाव्या हातात धरून झूम करता आलं तेव्हा दुकानातच हसू फुटलं. खोट काय तर व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, नाही, एप्रिलच्या उन्हात स्क्रीनवर काय दिसतंय ते अंदाजानेच. आणि मेनू टचने चालत नाही, मागच्या उजवीकडच्या चाकावर जावं लागतं, मग मी कॅमेरा मांडीवर ठेवून सेटिंग करतो. घरून निघतानाच सगळं लावून ठेवलं तर एवढा त्रास नाही.

कॅनन आर50 वजनाला जवळपास तेवढाच, 375 ग्रॅम, आणि मेनूच्या बाबतीत सोनीपेक्षा कितीतरी बरा कारण सगळं टचने होतं. स्क्रीन डावीकडे उघडतो, त्यावर बोट टेकवलं की फोटो निघतो, व्ह्यूफाइंडरही आहे. मग घेतला का नाही? किटची 18-45 लेन्स वापरण्याआधी हाताने पिळून उघडावी लागते, झूमही हातानेच, आणि त्याच हाताने कॅमेरा पण धरायचाय! मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) किंवा ट्रायपॉडवर मात्र हाच चांगला. व्हीलचेअरच्या दांडीला क्लॅम्प लावून बसवायचा असेल तरी मी हाच सांगेन, सोबत कॅननचा बीआर-ई1 ब्लूटूथ रिमोट घ्या म्हणजे शटरपर्यंत हात न्यायलाच नको. काही जण एक जुगाड करतात, कॅमेरा उलटा धरतात म्हणजे शटर डावीकडे येतं, ते अंगठ्याने दाबायचं आणि फोटो नंतर फिरवून घ्यायचा. मला नाही जमलं, गरगरतं.

हाताला थरथर असेल किंवा अर्धा किलोसुद्धा उचलवत नसेल तर डीजेआय ऑस्मो पॉकेट 3 बघा. 179 ग्रॅम, गिम्बल (हात हलला तरी कॅमेरा स्थिर ठेवणारी यंत्रणा) आतच, आणि मुळात एका हातासाठीच बनवलाय, डावा-उजवा भेद नाही. पण फोटो साधारण 9 मेगापिक्सेलचे आणि लेन्स एकच, वाइड, त्यामुळे पक्षी-बिक्षी विसरा. बोटंच चालत नसतील तर गोप्रो आवाजावर चालतो, इंग्रजीत हुकूम सोडायचा, बस. सॅमसंगच्या फोनमध्येही सेटिंग ऑन केलं तर "चीज" म्हटल्यावर फोटो निघतो, तो आधी करून बघा, फुकट आहे.

कुठलाही घ्या, दुकानात खुर्ची मागा आणि बॅगेतून काढणं, ऑन करणं, झूम, फोटो, डिलीट, बॅटरी बदलणं, हे सगळं स्वतःच्या हाताने करून बघा. बॅटरीला मला चार मिनिटं लागली, कॅमेरा गुडघ्यांत धरून. काउंटरवरचा पोरगा बिचारा दोनदा मदतीला धावला, त्याला म्हटलं राहू दे रे, घरी तू थोडाच येणारेस.