'डीकॉन्सिक्रेट' म्हणजे 'भ्रष्ट करणे' नव्हे!

इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं हे अ‍ॅप मी वर्षभर रोज वापरते आहे. भाषांतर हेच माझं काम. नेट नसतानाही चालतं, उच्चार स्पष्ट ऐकू येतो, शब्द चटकन सापडतो. तरी पाचपैकी दोनच तारे देते आहे, ते 'डीकॉन्सिक्रेट' (वास्तूचं पावित्र्य अधिकृतपणे उतरवणं) या एका नोंदीमुळे.

बंद पडलेल्या चर्चच्या इमारतींचं पुढे काय होतं, यावरचा एक लेख मराठीत आणत होते. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरातलं १३व्या शतकातलं डॉमिनिकन चर्च आज पुस्तकांचं दुकान आहे, तशा इमारतींचा. अ‍ॅपने अर्थ दिला, 'अपवित्र करणे, भ्रष्ट करणे'. घाईत मी तोच घेतला आणि वाक्य झालं, 'बिशपांनी चर्च भ्रष्ट केलं.' रात्री संपादकांचा फोन, "अहो, बिशप स्वतःचंच चर्च कशाला भ्रष्ट करतील?"

अ‍ॅपने दिलेला अर्थ 'डेसिक्रेट'चा आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी लॅटिनमधला 'साकेर', म्हणजे पवित्र. पण वापरात दोघांच्या वाटा पार वेगळ्या. डेसिक्रेट करणं म्हणजे विटंबना, ती कुणीही करू शकतो. डीकॉन्सिक्रेट करायला अधिकार लागतो. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेत १२२२वं कलम आहे. त्यानुसार उपासनेला वापरता येत नसलेलं आणि दुरुस्तीपलीकडे गेलेलं चर्च बिशप लौकिक वापरासाठी देऊ शकतात, मात्र तो वापर हीन नसावा. ही अट मला फार भावली. पावित्र्य उतरवलं तरी वास्तूचा मान राखायचाच आहे. 'भ्रष्ट' म्हटलं की नेमका तोच जातो.

शेवटी मी 'चर्चचा पवित्र दर्जा रीतसर काढून घेतला' असं लिहिलं. लांबलं, पण अर्थ पोचला. 'विसर्जन' मनात आलं होतं, पण तो शब्द दगडी इमारतीला लावला की वाचकाला आधी पाणी दिसतं.

नोंदीखाली एखादं उदाहरणवाक्य असतं तरी मी सावध झाले असते. 'डीकॉन्सिक्रेटेड चर्च' एवढे दोन शब्दही पुरले असते. दुरुस्ती कळवून तीन महिने झाले, 'धन्यवाद' एवढंच आलं. नोंद अजून तशीच आहे. ती बदलली की दोनाचे चार तारे करीन.