जुन्या जीएमसी मोटारहोमचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर: एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्याकडे 1976 सालची 26 फुटी जीएमसी मोटारहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, आहे, आणि आम्ही कोलोरॅडोत डेन्व्हरच्या जवळ राहत असल्यामुळे तिचा बहुतेक प्रवास चढ-उताराच्या रस्त्यांवरच होतो. गेल्या वसंतात तिचा मूळ कार्ब्युरेटर पूर्ण उघडून, स्वच्छ करून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडला आणि उन्हाळाभर गाडी भरपूर चालवली. आता बर्फ पडू लागल्यावर गाडी उभी केली आहे. या कामातून काय मिळाले, काय टिकले आणि काय सुटले नाही, हे जुनी मोटारहोम बाळगणाऱ्या किंवा घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकांसाठी सविस्तर लिहीत आहे.

आधी गाडीविषयी थोडे. जनरल मोटर्सने ही मोटारहोम 1973 ते 1978 या मॉडेल वर्षांत मिशिगनमधील पॉन्टियाक येथे बनवली. पुढची चाके ओढणारी ही गाडी ओल्ड्समोबाइल टोरोनाडो या मोटारीच्या यंत्रणेवर उभी आहे, आणि माझ्या गाडीत 455 घनइंचाचे, म्हणजे सुमारे साडेसात लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन आहे. त्यावर रोचेस्टर क्वाड्राजेट हा चार तोंडांचा कार्ब्युरेटर बसतो. त्याची पुढची दोन तोंडे सुमारे 35 मिलिमीटर व्यासाची, तर मागची दोन सुमारे 57 मिलिमीटर व्यासाची असतात. सपाट रस्त्यावर गाडी फक्त पुढच्या लहान तोंडांवर चालते; पेडल खोल दाबले की मागची मोठी तोंडे उघडतात. सामानासह पाच टनांच्या वर जाणाऱ्या गाडीसाठी ही रचना मला आजही फार समंजस वाटते, आणि म्हणूनच तो काढून टाकून दुसऱ्या बनावटीचा नवा कार्ब्युरेटर लावण्याचा सल्ला मी मानला नाही.

गाडीची तक्रार तीन प्रकारची होती. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागे. सिग्नलवरून निघताना पेडल दाबताच इंजिन क्षणभर गुदमरे. आणि गरम इंजिन बंद केल्यावर पेट्रोलचा वास येई. या गाडीत इंजिनाचे झाकण चालक आणि शेजारच्या आसनाच्या मधोमध, केबिनच्या आतच असते, त्यामुळे हा वास थेट राहत्या जागेत येतो आणि त्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते.

तयार, कारखान्यात नूतनीकरण केलेला कार्ब्युरेटर घेणे हा सोपा मार्ग दिसतो. परंतु अशा ठिकाणी अनेक जुन्या कार्ब्युरेटरांचे भाग एकत्र धुऊन पुन्हा जोडले जातात आणि एका इंजिनाचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्राचे भाग) दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतात. माझ्या एका स्नेह्याने घेतलेल्या नगाची तशीच गत झाली होती. मूळ नग हाती असेल तर त्याच्या डाव्या मागच्या उभ्या बाजूवर ठोकलेला क्रमांक वाचावा, त्याच क्रमांकाचे दुरुस्तीच्या सुट्या भागांचे किट मागवावे आणि तोच नग दुरुस्त करावा, हे माझे स्पष्ट मत आहे. किट शंभर डॉलरांच्या आत मिळाले. कारागिराकडे सगळे काम दिले असते तर त्याच्या कित्येक पट खर्च आला असता.

उघडताना विशेष अवघड असे काही नाही, मात्र क्रम पाळावा लागतो. वरच्या झाकणाला नऊ स्क्रू असतात, त्यांतले दोन चोकच्या (थंड इंजिन सुरू करताना हवा रोखणाऱ्या झडपेच्या) पाकळीखाली आत दडलेले असतात आणि ते न काढता झाकण उचकटले तर तडा जाण्याची भीती असते. त्याआधी मागच्या तोंडांतील दोन लांब सुया त्यांच्या आडव्या टांगणीसह वर काढून घ्याव्यात. झाकण निघाल्यावर पुढच्या दोन तोंडांच्या मध्ये एक लहानशी पेट्रोलची वाटी आणि तिच्याशेजारी पॉवर पिस्टन दिसतो. या पिस्टनला दोन मीटरिंग रॉड लटकलेले असतात. इंजिनावर भार नसताना व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनाची हवा ओढण्याची ताकद, पिस्टनला खाली धरून ठेवते, रॉडचा जाड भाग जेटमध्ये राहतो आणि पेट्रोल कमी जाते; चढावर व्हॅक्यूम उतरला की स्प्रिंग पिस्टनला वर ढकलते, रॉडचे निमुळते टोक जेटमध्ये येते आणि मिश्रण दाट होते. हा पिस्टन माझ्या नगात काजळीने अर्धवट अडकला होता. बोटाने दाबून सोडल्यावर तो सहज उसळायला हवा, तो कुरकुरत वर येत होता.

किटमध्ये गॅस्केट, नीडल-सीट (वाटीत येणारे पेट्रोल रोखणारी सुई आणि तिची बैठक), ॲक्सिलरेटर पंप (पेडल दाबताच पेट्रोलची धार सोडणारा छोटा पंप) आणि काही क्लिपा मिळतात. किट बसवले की काम झाले, असे अनेकजण धरून चालतात. पण माझ्या अनुभवात या कामाचे खरे यश किटबाहेरच्या तीन गोष्टींवर ठरले.

पहिली गोष्ट फ्लोट, म्हणजे वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा भाग. क्वाड्राजेटचा फ्लोट काळ्या फोमचा असतो आणि वर्षानुवर्षे पेट्रोलमध्ये राहून तो हळूहळू पेट्रोल शोषतो. जड झालेला फ्लोट पुरेसा वर येत नाही, वाटी प्रमाणाबाहेर भरते आणि मिश्रण कायम दाट राहते. डोळ्यांनी पाहून हे कळत नाही. मी नवा फ्लोट मागवला आणि दोन्ही बारीक वजनकाट्यावर ठेवले, तेव्हा जुना स्पष्टपणे जड भरला. दुसरी गोष्ट वाटीच्या तळाशी असलेल्या विहिरींच्या, म्हणजे पेट्रोलच्या खोल पोकळ्यांच्या, बुचांची. कारखान्यात ही बुचे दाबून बसवलेली असतात आणि काळाने ती झिरपू लागतात. सुटा केलेला मधला भाग पेट्रोल भरून कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवला. सकाळी कागदावर दोन गोल डाग उमटले होते आणि रात्रभरात वाटी रिकामी होण्याचे, म्हणजे सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागण्याचे, एक कारण समोर आले. तळ घासून, पेट्रोल सोसणारे इपॉक्सी लावून मी ती बंद केली. तिसरी गोष्ट थ्रॉटलच्या, म्हणजे पेडलने उघडणाऱ्या झडपांच्या, दांड्याची. तो बोटाने हलवला तर खालीवर खेळत होता, म्हणजे त्या फटीतून जादा हवा आत जात होती. त्यासाठी भोक अचूक मोठे करून पितळी बुश (नळीसारखे अस्तर) बसवावे लागते. हे काम मी कार्ब्युरेटरच्या जाणकार कारागिराकडून करून घेतले.

स्वच्छतेसाठी धातूचे भाग द्रावणात बुडवले, रबर-प्लॅस्टिकचे भाग त्यापासून दूर ठेवले आणि प्रत्येक वाहिनीतून दाबाची हवा सोडली. पुन्हा जोडताना पुढचे दोन लांब बोल्ट जेवढ्यास तेवढे आवळले, कारण तेथे जोर लावल्याने झाकण वाकलेले अनेक क्वाड्राजेट मी पाहिले आहेत. पेट्रोलची नळी जिथे शिरते त्या मोठ्या नटचे आटे मऊ धातूतले असतात. तो आधी हाताने पूर्ण फिरवूनच पाना लावावा.

आता वापराविषयी. गुदमरणे पूर्णपणे थांबले आणि हंगामाअखेरही परतले नाही. इंजिन बंद असताना वरून पाहत पेडलची दांडी हलवली की ॲक्सिलरेटर पंपाच्या दोन्ही धारा आजही ठसठशीत पडतात. नव्या पंपाची वाटी इथेनॉल सोसणाऱ्या रबराची असल्याची खात्री करून घेतली होती, कारण इथल्या बहुतेक पेट्रोलात 10 टक्के इथेनॉल असते. केबिनमधला वास गेला. पूर्वी गॅलनला सात मैलांच्या आसपास मिळत, ते आता नवाच्या जवळ गेले आहेत. यातला मोठा वाटा फ्लोट आणि मोकळ्या झालेल्या पिस्टनचा असावा, असे माझे मत आहे.

दोन गोष्टींत मात्र कार्ब्युरेटरच्या कामाने पुरेसे समाधान मिळाले नाही. आंतरराज्य 70 क्रमांकाच्या रस्त्यावरचा आयझेनहॉवर बोगदा 11,158 फुटांवर आहे. तिथे हवेचा दाब सागरपातळीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो, मिश्रण आपोआप दाट होते आणि इंजिनाची ताकद उतरते. हा निसर्गाचा नियम आहे, कोणत्याही किटने तो बदलत नाही. दुसरी अडचण पेट्रोल नळीतच उकळण्याची. इंजिनावरचा यांत्रिक पंप टाकीतून पेट्रोल खेचतो, खेचल्याने नळीतला दाब उतरतो आणि गरम दुपारी, त्यातही उंचीवर, पेट्रोलची वाफ होते. जुलैत सिल्व्हरथॉर्न गावाहून बोगद्याकडे चढताना इंजिनाने अशी हिचकी घेतली, तेव्हा कार्ब्युरेटर निर्दोष होता. टाक्यांजवळ कमी दाबाचा विजेवर चालणारा पंप बसवून पेट्रोल मागून ढकलल्यावर तो त्रास गेला. हा पंप बसवणाऱ्याने इंजिनातील तेलाचा दाब गेला की पंप बंद पडेल असा स्विच नक्की जोडावा आणि आसनाजवळ अग्निशामक ठेवावा.

गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर वाटीतले पेट्रोल आजही उडून जाते, बुचे कितीही घट्ट असली तरी, कारण वाटी हवेला उघडी असते. विजेच्या पंपाने ती काही क्षणांत भरते, हा त्याचा वेगळा लाभ.

भारतात कार्ब्युरेटरच्या स्कूटर स्वतः उघडलेल्या मंडळींना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. ज्यांच्याकडे संयम, स्वच्छ टेबल आणि एक शनिवार-रविवार आहे, त्यांनी हे काम अवश्य घरी करावे. थ्रॉटलच्या दांड्याचे बुश तेवढे कारागिराकडे द्यावे. माझ्या नगात आता फक्त त्या मोठ्या नटच्या आट्यांवर लक्ष ठेवायचे आहे, कारण मागे कोणीतरी ते एकदा पुन्हा पाडलेले दिसतात. वसंतात गाडी बाहेर काढताना पहिले काम तिथे कोरड्या बोटाने ओल तपासण्याचे असेल.