रेल्सचं पार्शल: इन्स्टन्स व्हेरिएबल की लोकल?

रेल्स या रुबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये पार्शल म्हणजे पानाच्या टेम्प्लेटचा वेगळा ठेवलेला तुकडा. ते एकाच पानापुरतं असेल तर कंट्रोलरमधलं (पानाची विनंती हाताळणाऱ्या कोडमधलं) इन्स्टन्स व्हेरिएबल, म्हणजे ॲटच्या चिन्हाने सुरू होणारं, थेट वाचलं तरी भागतं. पार्शल बोलावणारी रेंडरची ओळही आखूड राहते. घोळ होतो तो तेच पार्शल दुसऱ्या कंट्रोलरच्या पानात वापरल्यावर. तिथे व्हेरिएबल सेट केलेलं नसेल, तर रुबी कुरकुर न करता निल (‘काहीच नाही’ ही किंमत) देते. निलवर मेथड चालवली तर एरर तरी येते. नुसतं छापलं तर पानावर रिकामी जागा. हे जास्त वाईट, कारण लॉगमध्ये काहीच सापडत नाही.

लोकल, म्हणजे रेंडर करताना पार्शलला नावाने दिलेलं व्हेरिएबल, वापरलं की रेंडरच्या ओळीत सगळं लिहावं लागतं, हे खरं. पण एखादं राहिलं, तर ते वाचताक्षणी त्याच्या नावानिशी एरर येते. ऐच्छिक लोकल असेल तर ‘लोकल असाइन्स’ या हॅशमधून (पाठवलेल्या लोकल्सच्या नाव-किंमत जोड्यांमधून) फेच या मेथडने डिफॉल्टसकट वाचा. रेल्स 7.1 पासून तर पार्शलमधल्या एका कॉमेंटमध्येच अपेक्षित लोकल्स आणि त्यांचे डिफॉल्ट जाहीर करता येतात. अनोळखी नाव पाठवलं तरी एरर.

शेअर्ड फोल्डरमधल्या पार्शलमध्ये ॲटचं चिन्ह दिसलं, तर रिव्ह्यूत अडवावं. कलेक्शनने यादी रेंडर करताना पार्शलच्या नावाचं लोकल आपोआप मिळतं, तिथे टायपिंगचीही सबब उरत नाही.